तबकडीवरील चित्रण संगणकावर आणताना

प्रस्तावना

लग्न, मुंज, बारसे, गावची जत्रा असे प्रसंग जपून ठेवावेत असे कोणाला वाटत नाही? २००० साली हिताची कंपनीने डीव्हीडीच्या तबकडीवर थेट चित्रमुद्रण करणारा कॅमकॉर्डर बाजारात आणला आणि पुढील काही वर्षांत इतर कंपन्यांनीही तसे कॅमकॉर्डर काढले. फीत मागेपुढे गुंडाळत बसण्याची कटकट नाही, कॅमेऱ्यातील तबकडी काढून सरळ डीव्हीडी प्लेयरमध्ये घालावी, ही त्यांची मोठी सोय होती. पुढे मेमरी कार्डे आली, त्यानंतर मोबाइल फोन आले आणि हे कॅमकॉर्डर मागे पडले. तबकड्या मात्र कपाटात राहिल्या.

अशा तबकडीवरील चित्रणाचे, संकलन करता येईल अशा संगणकीय फाइलमध्ये रूपांतर कसे करावे, हे या पाठात आपण पाहणार आहोत. या कामात घाई केल्यास चित्र कायमचे बिघडू शकते. ते कसे, हेही आपल्या लक्षात येईल.

तबकडीची ओळख

नेहमीच्या डीव्हीडीचा व्यास १२ सेंटिमीटर असतो. कॅमकॉर्डरची तबकडी ८ सेंटिमीटरची असते. तिच्या एका बाजूवर सुमारे १.४ गिगाबाइट माहिती मावते. एवढ्या जागेत किती वेळाचे चित्रण बसेल, हे आपण निवडलेल्या दर्जावर अवलंबून असते. दर सेकंदाला ९ मेगाबिट या वेगाने मुद्रण केले, तर २० मिनिटांत म्हणजे १,२०० सेकंदांत १०,८०० मेगाबिट माहिती साठते. ८ बिटांचा १ बाइट होतो, म्हणून ही माहिती १,३५० मेगाबाइट भरते आणि तबकडी संपते. वेग ३ मेगाबिट ठेवला, तर त्याच तबकडीवर एक तासाचे चित्रण मावते, पण चित्र धूसर व चौकटी-चौकटींचे दिसते. लग्नाच्या दिवशी तबकड्या वाचवण्याच्या विचाराने अनेकांनी नेमका हाच दर्जा निवडला होता. तो तोटा आता भरून निघत नाही; निदान त्यात भर पडू नये, एवढे आपल्या हाती आहे.

मुद्रण पूर्ण झाल्याची खूण

पुस्तकाला जशी अनुक्रमणिका, तशी तबकडीलाही माहितीची सूची लागते. चित्रण संपल्यावर ही सूची लिहून तबकडी बंद करण्याच्या क्रियेस 'फायनलाइझ' करणे म्हणतात. ही क्रिया राहून गेली असेल, तर ज्या कॅमकॉर्डरने मुद्रण केले तो तबकडी दाखवतो, पण संगणकाला ती बहुधा रिकामी वाटते. 'ही तबकडी वापरासाठी तयार करायची का?' असे संगणक विचारतो. अशा वेळी होकार देऊ नये. तबकडी पुन्हा त्याच कॅमकॉर्डरमध्ये घालावी, कॅमकॉर्डरला विजेची जोडणी द्यावी, तो स्थिर ठेवावा आणि फायनलाइझची आज्ञा द्यावी. काही मिनिटे लागतात. तोपर्यंत त्याला हात लावू नये.

म्हणूनच जुना कॅमकॉर्डर भंगारात देण्यापूर्वी घरातील प्रत्येक तबकडी संगणकावर उघडते का, हे तपासून पाहावे. कॅमकॉर्डर हातचा गेलाच असेल, तर आयसोबस्टरसारखी प्रणाली अपुऱ्या तबकडीतूनही चित्रण शोधून काढू शकते. परंतु यश येईलच अशी खात्री नसते.

पाठगत प्रश्न
संगणकाने तबकडी रिकामी आहे असे सांगितले, याचा अर्थ तिच्यावर चित्रण नाही असा होतो का? कारण सांगा.

आधी प्रत, मग रूपांतर

आता तबकडी संगणकात घालू. त्यासाठी बाहेर सरकणाऱ्या ताटलीचा डीव्हीडी ड्राइव्ह हवा. ताटलीत मध्यभागी लहान तबकडीसाठी खोलगट जागा असते. ज्या ड्राइव्हला केवळ फट असते, त्यात ८ सेंटिमीटरची तबकडी अडकण्याचा धोका असतो. तबकडी पुसायची झाल्यास मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसावी, गोल गोल पुसू नये.

तबकडी उघडल्यावर 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर दिसतो. त्यात 'व्हीओबी' या प्रकारच्या मोठ्या फाइलींत चित्र व ध्वनी असतो; 'आयएफओ' या लहान फाइलींत त्यांची सूची असते. संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा संगणकावर उतरवावा. यातील एकही व्हीओबी फाइल १ गिगाबाइटहून मोठी नसते, त्यामुळे सलग प्रसंगही दोन फाइलींत तुटलेला असू शकतो. मंगलाष्टक एका फाइलीत सुरू होते आणि 'सावधान' दुसरीत ऐकू येते! म्हणून सुट्या फाइलींचे वेगवेगळे रूपांतर न करता सूचीच्या आधाराने संपूर्ण चित्रण एकत्र घ्यावे. (काही तबकड्यांवर 'डीव्हीडी_आरटीएव्ही' असा फोल्डर आढळतो. तो वेगळ्या मुद्रणपद्धतीचा असतो. तोही संपूर्ण उतरवावा.)

ओतणे आणि दळणे

डीव्हीडीवरील चित्र एमपेग-२ या पद्धतीने दाबून लहान केलेले असते. आपल्याकडील पाल पद्धतीत दर सेकंदाला २५ चित्रे असतात, पण त्यांतील प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. साधारण अर्ध्या सेकंदाला एक चित्र पूर्ण असते आणि मधल्या चित्रांसाठी केवळ 'काय बदलले' एवढेच नोंदवलेले असते. यामुळे हवे तेथे कापणे अवघड जाते. कापलेल्या जागेचे चित्र पुन्हा घडवावे लागते.

संकलनासाठी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे डब्यातील धान्य दुसऱ्या डब्यात ओतणे. मेकएमकेव्ही ही प्रणाली तबकडीवरील चित्र व ध्वनी न बदलता 'एमकेव्ही' फाइलमध्ये ठेवते. दर्जा तसूभरही उतरत नाही आणि शॉटकट किंवा केडेनलाइव्ह या विनामूल्य संकलन-प्रणाली ती फाइल उघडतात. एखाद्या प्रणालीत चित्र दिसते पण आवाज येत नाही. अशा वेळी फक्त ध्वनीचे 'वेव्ह'मध्ये रूपांतर करावे, चित्राला हात लावू नये. दुसरा मार्ग म्हणजे धान्य दळून पीठ करणे. हँडब्रेक या प्रणालीने चित्र पुन्हा दाबून 'एमपी४' फाइल तयार होते. ती लहान असते, मोबाइलवरही चालते. पण पिठाचे पुन्हा धान्य होत नाही. म्हणून संकलन पहिल्या मार्गाने आणलेल्या फाइलवर करावे आणि नातेवाइकांना पाठवायची प्रत अगदी शेवटी दळावी.

त्या शेवटच्या टप्प्यावरच आणखी दोन बाबी पाहाव्यात. डीव्हीडीतील प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत मुद्रित केलेले असते, म्हणून संगणकाच्या पडद्यावर हलणाऱ्या हाताच्या कडांना फणीचे दाते फुटल्यासारखे दिसतात. 'डीइंटरलेस' हा पर्याय निवडल्यास हे दाते नाहीसे होतात. माणसे उगीच लांबट वा बुटकी दिसू लागली, तर चित्राचे प्रमाण ४:३ आहे की १६:९, ते तपासून दुरुस्त करावे.

हे सारे सव्यापसव्य कशासाठी, असे कोणी विचारील. घरातील एखाद्या तबकडीवर आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असेल. आजी नाही, जातेही नाही आणि त्या ओव्या दुसऱ्या कोणाला येत नाहीत. तबकडीतील रंगद्रव्याचा थर ऊन, उष्णता व दमटपणा यांनी खराब होत जातो. फोल्डरची मूळ प्रत दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, त्यांतील एक शक्यतो दुसऱ्या घरी असावी; आणि तबकडीही टाकून देऊ नये.

स्वाध्याय
१. दर सेकंदाला ६ मेगाबिट वेगाने मुद्रण केल्यास १,३५० मेगाबाइट जागेत किती मिनिटांचे चित्रण मावेल?
२. 'ओतणे' आणि 'दळणे' यांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका जुन्या तबकडीवर कोण आहे, काय बोलत आहे, याची दहा ओळींत नोंद करा.