क्रूझ कंट्रोलचा रुसवा आणि ब्रेकचा दिवा

प्रश्न : माझी गाडी जुनी, मॅन्युअल गिअरची आहे. समृद्धी महामार्गावर क्रूझ कंट्रोल लावायला गेलो, तर स्टीअरिंगवरचे बटण दाबल्यावर डॅशबोर्डवर क्रूझचा दिवा लागतो, पण ‘सेट’ केले की काहीच होत नाही. वाटेत एकाने सांगितले, की ब्रेक न दाबताही मागचे लाल दिवे पेटलेलेच आहेत. या दोन गोष्टींचा संबंध असेल का, की स्टीअरिंगवरचे बटणच गेले?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : संबंध आहे. वाटेत भेटलेल्या त्या गृहस्थांनी तुमचे निम्मे निदान फुकटात करून दिले आहे.

ब्रेकला पाय लागला रे लागला की क्रूझने अंग काढून घ्यायचे, ही या यंत्रणेची पहिली अट. ब्रेक दाबल्याचे तिला कळते ते पॅडलच्या दांड्यापाशी बसवलेल्या एका छोट्या स्विचमुळे. बहुतेक गाड्यांत या स्विचमध्ये दोन संपर्क असतात. ब्रेक दाबला की एक जुळतो आणि दुसरा तुटतो. दोघांची साक्ष जमली नाही, तर इंजिनाचा संगणक कोणावरच विश्वास ठेवत नाही आणि क्रूझ नाकारतो. तुमच्या गाडीत तर दिवेच सांगताहेत, की ब्रेक दाबलेला आहे. मग वेग सेट होणार कसा?

पॅडल वर असताना ते स्विचची दट्टी आत दाबून धरते. दट्टी जिथे टेकते तिथे अनेक गाड्यांत रबराची किंवा प्लास्टिकची छोटी गुंडी असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तिचा भुगा होतो, दट्टी मोकळ्या भोकातून बाहेर येते आणि दिवे पेटतात ते पेटतातच. इंजिन बंद केले तरी विझत नाहीत, सकाळी बॅटरी उतरलेली. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलून पाहा. प्लास्टिकचे तुकडे सापडले तर चोर सापडला.

आता इंजिन बंद ठेवून दट्टी बोटाने आत दाबा. दिवे विझले तर स्विच ठीक आहे. गुंडी तरी गेली आहे किंवा स्विच जागेवरून सरकला आहे. विझले नाहीत तर स्विच बदला. तुलनेने हा स्वस्तातला भाग आहे.

बटणावरचा तुमचा संशय मला पटत नाही. स्टीअरिंगखाली गुंडाळलेली पट्टीसारखी वायर, म्हणजे क्लॉक स्प्रिंग, तुटली तर सहसा हॉर्न किंवा आवाजाची बटणेही मुकी होतात, एअरबॅगचा दिवा लागतो. तुमचा क्रूझचा दिवा लागतोय, म्हणजे वायर बहुधा शाबूत आहे. तरी कोणी स्टीअरिंग उघडू पाहील तर थांबवा. तिथे एअरबॅग असते. बॅटरी सोडवून, ठरलेला वेळ थांबून, जाणकारानेच हात घालावा.

क्लच पॅडललाही असाच स्विच असतो. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय असलेल्यांचा क्रूझ निष्कारण बदनाम होतो! एवढ्याने भागले नाही तर स्कॅनर लावून घ्या. ‘पी०५०४’ हा कोड आला, तर ब्रेक स्विचच्या दोन संपर्कांची साक्ष जुळत नाही असे समजायचे. एबीएसचा दिवाही लागत असेल, तर चाकाजवळचा सेन्सर आणि त्याची वायर पाहा. उंदीर ती आवडीने कुरतडतात. काही गाड्या ‘चेक इंजिन’चा दिवा लागलेला असेपर्यंत क्रूझ देतच नाहीत.

एवढ्याशा स्विचने केवढा उत्पात घडू शकतो, ते अमेरिकेत फोर्डने अनुभवले. त्यांच्या काही गाड्यांत क्रूझ तोडणारा स्विच ब्रेक ऑइलच्या दाबावर चाले आणि किल्ली काढल्यावरही त्यात वीज असे. ऑइल झिरपून आत गेले, की उभ्या गाडीलाही आग लागण्याचा धोका. २००९ पर्यंत जवळपास १ कोटी ४० लाख गाड्या त्यासाठी परत बोलवाव्या लागल्या.

‘तूर्त दिव्याची वायर काढून ठेवतो,’ असे कोणी वायरमन म्हणाला तर नाही म्हणा. १२० च्या वेगाने मागून येणाऱ्याला तुम्ही ब्रेक मारल्याचे कळायलाच हवे. दुरुस्तीनंतर भिंतीकडे पाठ करून गाडी उभी करा आणि आरशातून लाल उजेड पेटतो-विझतो का ते बघा. मग मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाला क्रूझ सेट करून एकदा नुसता ब्रेक, एकदा नुसता क्लच दाबून पाहा. दोन्ही वेळा क्रूझ लगेच सुटला, की काम झाले.