संधिगत वात : तरुणास्थीच्या पेशी आणि दाहाचे संदेश

गुडघेदुखीचा रुग्ण समोर बसला, की ‘वंगण संपले आहे’ किंवा ‘गॅप कमी झाली आहे’ हे शब्द हमखास कानी पडतात. सांधा म्हणजे झिजत गेलेले यंत्र, ही कल्पना रुग्णांप्रमाणेच आपल्यापैकी अनेकांच्या मनातही रुजली आहे. संशोधनाने मात्र ती अपुरी ठरविली आहे. तरुणास्थी केवळ घासली जात नाही. तिच्यातील पेशीही तिच्या नाशात सहभागी होतात. हे कसे घडते व त्यातून चिकित्सेसाठी कोणता बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

पेशींचे नित्य कार्य

तरुणास्थीत रक्तवाहिन्या नाहीत, चेतातंतूही नाहीत. काँड्रोसाइट ही तेथील एकमेव पेशी असून एकूण घनफळात तिचा वाटा अत्यल्प असतो. उरलेला भाग याच पेशींनी निर्माण केलेल्या आधारद्रव्याचा आहे. त्यातील कोलॅजेनची जाळी ताण सोसते, तर जाळीत अडकलेले अ‍ॅग्रिकॅन पाणी धरून ठेवते व त्यायोगे दाब पेलते. निरोगी अवस्थेत जुने द्रव्य काढणे व नवे घालणे यांचा समतोल पेशी राखते.

दाहाचा संदेश

दुखापत वा अतिभार यांमुळे आधारद्रव्याचे तुकडे सुटतात. काँड्रोसाइट व सांध्याच्या आतील अस्तरातील पेशी ते धोक्याची खूण म्हणून ओळखतात आणि इंटरल्यूकिन-१ बीटा, टीएनएफ-अल्फा यांसारखे दाहजनक संदेशवाहक स्रवू लागतात. हे संदेशवाहक काँड्रोसाइटच्या पृष्ठभागावरील ग्राहींशी जोडले गेले, की एरवी पेशीत बांधून ठेवलेले एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन मोकळे होऊन पेशीकेंद्रात शिरते व अनेक जनुके जागृत करते. परिणामी कोलॅजेन तोडणारे एमएमपी-१३, अ‍ॅग्रिकॅन तोडणारी अ‍ॅडॅम्ट्स-४ व अ‍ॅडॅम्ट्स-५ ही विकरे तयार होतात. प्रोस्टाग्लँडिन व नायट्रिक ऑक्साइड वाढतात. नव्या आधारद्रव्याची निर्मिती मंदावते. सुटलेले तुकडे पुन्हा तोच संदेश देतात आणि चक्र चालू राहते.

या ऱ्हासाचा क्रम व्यवसायाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळेतील निरीक्षणांनुसार प्रथम अ‍ॅग्रिकॅन जाते, नंतर कोलॅजेन. अ‍ॅग्रिकॅनची उणीव पेशी पुन्हा भरून काढू शकते. कोलॅजेनची जाळी एकदा तुटली की ती पूर्ववत होत नाही. म्हणजेच चिकित्सेला अवकाश आहे, पण तो प्रारंभीच्या काळात.

औषधांची मर्यादा

चरकसंहितेच्या वातव्याधिचिकित्सेत संधिगत वाताचे वर्णन करताना वाऱ्याने भरलेल्या पखालीसारखा स्पर्श व हालचालीच्या वेळची वेदना यांसह शोथही सांगितला आहे. तथापि एनएफ-कप्पा-बी म्हणजेच वात, असे समीकरण मांडणे आम्हांस उचित वाटत नाही. दोन शास्त्रांच्या परिभाषा भिन्न आहेत.

हळदीतील कर्क्युमिन व शल्लकीतील बोस्वेलिक आम्ले दाहाच्या या मार्गांना अटकाव करतात, असे पेशींवरील प्रयोगांत दिसते. परंतु पेशी बुडवून ठेवलेले द्रावण आणि रुग्णाने घेतलेली गोळी यांत अंतर आहे. कर्क्युमिन तर आतड्यातून फारच अल्प शोषले जाते. ही द्रव्ये वेदना कमी करतात, असे काही चाचण्यांत आढळले. झिजलेली तरुणास्थी त्यांनी पुन्हा वाढते, हे सिद्ध झालेले नाही. आधुनिक औषधांचा अनुभवही सावध करणारा आहे. इंटरल्यूकिन-१ ला रोखणारे अनाकिन्रा गुडघ्यात टोचून पाहिले असता ते निरौषध इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. एकच संदेश अडविल्याने चक्र थांबतेच असे नाही.

व्यवहारातील बोध

वजन १ किलो घटले, की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो. शिवाय मेदोधातू स्वतःही दाहजनक द्रव्ये स्रवतो. स्थूल व्यक्तींत शरीराचा भार न पेलणाऱ्या हातांच्या सांध्यांतही हा विकार अधिक आढळतो, याचे हे एक कारण मानले जाते. म्हणून स्नेहन-स्वेदन व शमन औषधांच्या जोडीला आहारनियमन व मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम सांगणे आवश्यक आहे. संपूर्ण विश्रांती हितकर नव्हे. सांधा लाल, उष्ण व एकाएकी सुजलेला असेल अथवा सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, तर निदानाचा पुनर्विचार करावा.

औषधविक्रेत्या बंधूंना आमची विनंती आहे, की दोन दिवसांत आश्चर्यकारक आराम देणाऱ्या बिनलेबलाच्या चूर्णांपासून दूर राहावे. अशा चूर्णांत स्टिरॉइड मिसळल्याचे अनेकदा उघड झाले आहे. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यास हळदीचे अर्क वा गुग्गुळकल्प वैद्याला विचारल्याविना देऊ नयेत.

‘गॅप भरून येईल’ हे आश्वासन रुग्णास आवडते, पण ते आपल्याला पाळता येत नाही. वेदना कमी होईल, चालणे सुधारेल व ऱ्हासाची गती मंदावण्याचा प्रयत्न करता येईल, एवढे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या वैद्यावरच रुग्णाचा विश्वास टिकतो.