पिल्लू आणायची घाई नको

प्रश्न : मामांच्या गावाहून गावठी कुत्रीचं पिल्लू आणतोय. महिन्याचं आहे. काय तयारी करू? – एक वाचक, सालेकसा

उत्तर : पहिली तयारी म्हणजे आणखी महिनाभर थांबणं. 8 आठवडे ते आईजवळच राहू द्या. चावा किती जोरात घ्यायचा हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं. तोवर मामांना जंताचं औषध सुरू करायला सांगा. पार्व्हो-डिस्टेंपरची पहिली लस 6 ते 8 आठवड्यांत, मग 16 आठवड्यांपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी पुढचे डोस. रेबीजची लस तिसरा महिना सरला की लगेच. ही चुकवायचीच नाही.

गोंदिया जिल्ह्यात भाताला तोटा नाही, पण नुसता दूध-भात नको. गाईच्या दुधानं कित्येक पिल्लांना हगवण लागते. भातात उकडलेलं अंडं किंवा कांदा-मसाल्याविना शिजवलेली कोंबडी कालवा, दिवसातून चारदा. अंथरायला तणस नको, गोचीड लपतात. जुनी गोधडी बरी, उन्हात तरी घालता येते.

आणि रात्री सांदवाडीत बांधू नका. तुमच्याकडे जंगल लागूनच आहे, बिबट्याला कुत्रं सोपं सापडतं. पिल्लू रडेल, चार रात्री तुमचीही झोप उडेल. तरी घरातच.