व्याख्यानांचे स्वयंचलित ध्वनिचित्रमुद्रण आणि भाषेचा अभ्यास

नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून शिकताना प्रत्येक संपर्कसत्राला उपस्थित राहणे आपल्याला शक्य होतेच असे नाही. वर्गाबाहेरच्या विद्यार्थ्यापर्यंत व्याख्यान पोहोचवण्याचा प्रयत्न आपल्याकडे जुना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाला. परंतु प्रक्षेपणाची वेळ चुकली की तो पाठही हुकत असे. स्वयंचलित मुद्रणाने ही अडचण दूर केली. 'ओपनकास्ट'सारख्या मुक्तस्रोत प्रणालीत तासांचे वेळापत्रक आधीच भरून ठेवता येते. ठरल्या वेळी यंत्रणा आपोआप सुरू होते आणि अध्यापकाचा आवाज, वर्गातील चित्र व संगणकाचा पडदा एकत्र नोंदवते.

या नोंदीतून काय निसटते, हे मात्र भाषेच्या अभ्यासकाने ओळखले पाहिजे. अध्यापक फळ्याकडे बोट दाखवून 'हे रूप पाहा' असे म्हणतात. त्या वेळी फळा चित्रात नसेल, तर 'हे' या दर्शक विशेषणाचा निर्देश कशाकडे आहे ते कळत नाही. ध्वनिग्राहक अध्यापकाजवळ असल्यास मागच्या बाकावरचा प्रश्न ऐकू येत नाही, नुसते उत्तर ऐकू येते. (प्रश्न मोठ्याने पुन्हा उच्चारून मग उत्तर देणारे अध्यापक म्हणूनच मोलाचे!)

मुद्रणाचा खरा लाभ ध्वनिविचाराच्या घटकात होतो, असे माझे मत आहे. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. लेखनात दोन्ही शब्द सारखेच. उच्चारात मात्र पहिल्यातील 'ज' दंततालव्य, तर दुसऱ्यातील तालव्य. यंत्राने तयार केलेली देवनागरी संहिता कितीही अचूक असली, तरी हा भेद तिच्यात दिसणार नाही. पुस्तकातही तो केवळ वर्णन करून सांगावा लागतो. मुद्रित व्याख्यान थांबवून, मागे नेऊन तो पुन्हा पुन्हा ऐकता येतो.

एक धोका आहे. केव्हाही ऐकता येते म्हणून ऐकणे पुढे ढकलले जाते आणि परीक्षेच्या आठवड्यात वीस-वीस तासांची व्याख्याने साचतात. तेव्हा ती दुप्पट वेगाने ऐकली, तर उच्चारातील सूक्ष्म भेद कानावरून निसटून जातात.

स्वाध्याय : ध्वनिविचारावरील एखाद्या मुद्रित व्याख्यानातील दहा मिनिटांचा भाग निवडा. संहिता न पाहता तो ऐका आणि च, ज, झ असलेले शब्द उच्चारानुसार दोन रकान्यांत लिहा. नंतर तोच भाग पुन्हा ऐकून आपली नोंद तपासा.