भिंतीला घाम येतो

कळसच्या घराचं काम अक्षय्य तृतीयेला संपलं. पाहुणे जेवून उठले आणि जाताना जवळजवळ प्रत्येकाने नव्या गुळगुळीत भिंतीवरून हात फिरवला. 'आता कसं बंगल्यासारखं वाटतंय!' बैलपोळ्यापर्यंत त्याच भिंतीवर पांढरी लव उगवली होती. खरवडून जिभेला लावली तर खारट. याला लोणा म्हणतात. गणपतीत तो गुडघ्याएवढा होता, दिवाळीत कमरेएवढा, आणि पुढच्या पावसाळ्यात टीव्हीच्या खालच्या कडेला जाऊन टेकला.

हे घर प्रस्तुत लेखकाच्या आजोबांनी १९५८ साली बांधलं. ('मी' म्हणायचं टाळलंय, कारण स्वतःचा मूर्खपणा जरा लांबून पाहिला की नीट दिसतो.) कळस इंदापूर तालुक्यात, आणि हा तालुका भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मध्ये पसरलेला. उसाचा पैसा इथे आधी वालचंदनगरच्या कारखान्यामुळे आणि पुढे पन्नाशीच्या दशकात भवानीनगरच्या सहकारी कारखान्यामुळे खेळू लागला. ज्यांच्या हातात तो आला त्यांनी पहिल्यांदा विहीर नीट केली आणि मग घर बांधलं. त्या काळची घरं धड वाडा नाहीत आणि धड बंगलाही नाहीत. पुढचा दर्शनी भाग घडीव काळ्या दगडाचा, मागच्या भिंती ओबडधोबड दगडांच्या. वर मंगलोरी कौलं, माजघरावर लाकडी तुळया, ओसरीवर लोखंडी गर्डर आणि त्यावर शहाबादी फरशी. सिमेंट सरकारी नियंत्रणात होतं, ते अंशतः सैल झालं १९८२ साली. त्यामुळे आजोबांच्या घरात सिमेंट दिसतं ते फक्त ओट्यावर आणि मोरीत. दर्शनी दगडांच्या सांध्यांत चुना, आणि बाकी सगळीकडे माती.

ही माती घराच्या मालकालाच माहीत नव्हती. दगडी घर म्हणजे किल्ला, अशी समजूत. बाहेरून हातभर जाड दिसणारी भिंत आत दोन पापुद्र्यांची असते, त्यांच्या मध्ये दगडगोटे आणि चिखल भरलेला असतो. नूतनीकरणाचा आराखडा करताना हे आधी पाहायला हवं होतं. पाहायला वेळ फारसा लागत नाही. एखाद्या कोपऱ्यातला प्लॅस्टर तळहाताएवढा काढायचा आणि सांध्यात खिळा टोचायचा. खिळा सहज आत गेला तर माती. ठेकेदाराने खिळा टोचला नाही, आणि त्याला टोचायला कुणी सांगितलंही नाही.

काम काढण्याचं कारण अगदी रास्त होतं. आईचे गुडघे गेले होते. परसातला संडास तिला रात्री लांब पडत होता, मोरीत खाली बसून भांडी घासणं होत नव्हतं, चूल-स्टोव्हच्या जमान्यातलं स्वयंपाकघर अंधारं होतं. तिला हवा होता आत संडास, उभ्याचा ओटा आणि धरायला कठडा. एवढ्यावर थांबलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. पण एकदा गवंडी घरात आला की माणसाला हुरूप येतो. मातीचा गिलावा काढून सगळीकडे सिमेंटचा प्लॅस्टर, शहाबादीवर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, कौलांखाली पीओपीचं छत, आणि माजघराची भिंत पाडून 'हॉल'. चार निर्णय, चारही एका संध्याकाळी, चहाच्या दोन फेऱ्यांत.

त्यातला प्लॅस्टर सगळ्यात महागात पडला.

जोत्याच्या दगड-मातीतून जमिनीतली ओल वर चढते. स्पंजाचं टोक पाण्याला टेकवलं की पाणी चढतं, तसंच. पूर्वी ती ओल मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडून वाळायची, आणि शहाबादी फरशीच्या सांध्यांतूनही निघून जायची. भिंत भिजायची, वाळायची, पुन्हा भिजायची. सिमेंटचा घट्ट थर, त्यावर तकाकणारा रंग आणि जमिनीवर टाइल्स आल्यावर या वाटा बंद झाल्या. ओल मग वर वर चढत गेली आणि जिथे फट मिळाली तिथे बाहेर पडली. पाणी उडून गेलं, त्यात विरघळलेले क्षार मागे राहिले. त्या क्षारांचे स्फटिक फुगून प्लॅस्टर आतून ढकलतात आणि पापुद्रे सुटतात.

क्षार आले कुठून, हा प्रश्न या मुलखात विचारायचंच कारण नाही. नीरा डावा कालवा १८८०च्या दशकात वाहू लागला, आणि काही वर्षांतच त्याखालच्या जमिनी खारवटू लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजात असलेले हॅरल्ड मान यांनी ताम्हाणे या सहकाऱ्याबरोबर नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर १९१० साली स्वतंत्र पुस्तिका काढली होती. शेतातलं चोपण सगळ्यांना कळतं, भिंतीतलं कळत नाही. त्यात भर म्हणून प्लॅस्टर कालवायला बोअरचं मचूळ पाणी वापरलं गेलं. आई तेव्हाच म्हणाली होती, 'ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते भिंतीला कशाला?' तिचं कुणी ऐकलं नाही.

दोन पावसाळ्यांनंतर एक म्हातारे गवंडी आले, देवळांच्या जीर्णोद्धाराची कामं केलेले. त्यांनी भिंतीला कान लावून बोटांच्या पेरांनी ठोकलं. पोकळ आवाज आला. 'मालक, भिंतीला घाम येतो. त्यो भाईर पडू द्या. तुम्ही तिला रेनकोट घातलाय.' मग सिमेंट टिकाव घेऊन काढावं लागलं. त्याबरोबर काही ठिकाणी दगडाचा चेहराही सुटून आला, ते नुकसान कायमचं. लोणा ओल्या फडक्याने पुसायचा नाही, पाण्याबरोबर क्षार परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडायचा आणि ती पूड घराबाहेर टाकायची. उघडी भिंत एक आख्खा उन्हाळा तशीच वाळू दिली. घरात बसायला लाज वाटायची, पण इलाज नव्हता.

मग चुना. कळीचा चुना पाण्यात विझवताना उकळतो, त्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून पोरांना त्या दिवशी आत्याकडे पाठवलं. विझवलेला चुना काही आठवडे पाण्याखाली मुरवला, मग त्यात धुतलेली वाळू आणि विटांची सुरकी मिसळली. म्हाताऱ्यांनी थोडं गूळपाणी आणि हिरड्याचं पाणीही घातलं. हल्ली जुन्या चुन्याबद्दल बोलताना लोक गूळ, उडीद आणि बेलफळावरच अडकतात, जणू लाडूच वळायचे आहेत. खरी गोष्ट चुना नीट मुरण्यात आणि थर हळूहळू वाळण्यात आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. दोन थरांच्या मध्ये दिवस जावे लागतात आणि भिंत ओल्या गोणपाटाखाली ठेवावी लागते. वर रंगही चुन्याचाच.

सिमेंट वाईट, असं यातून कुणी घेऊ नये. आईचा नवा संडास आणि न्हाणीघर मूळ भिंतीपासून सुटं, विटा-सिमेंटमध्येच बांधलं आहे, आणि ते उत्तम आहे. पहिल्या खेपेला तोच संडास जुन्या दगडी भिंतीला चिकटवून बांधला होता आणि नळ भिंतीच्या पोटातून नेला होता.

माजघराच्या भिंतीची गोष्ट वेगळी, आणि जास्त भीतीची. ती पाडल्यावर तुळयांखाली एक लोखंडी गर्डर टाकला. गर्डर मजबूत होता, पण त्याची दोन टोकं नुसती माती-दगडाच्या भिंतीवर टेकवलेली. सहा महिन्यांत टोकाखालून तिरपी चीर गेली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंपात जे झालं ते या पिढीला पुसट आठवतं. तिथली घरंही जाड दगडी भिंतींची, मातीत रचलेली, वर मातीच्या माळवदाचं ओझं. रिश्टर सहाच्या थोड्या वरच्या धक्क्याने भिंतींचे दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. त्या पापुद्र्यांना बांधणारे आरपार दगड भिंतीत पुरेसे नव्हते.

भूकंपानंतर मराठवाड्यात घरं बळकट करताना जे शिकवलं गेलं ते कळसलाही लागू पडतं. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचं, त्यात सळईचा आकडा ठेवून काँक्रीट भरायचं. भिंतींच्या माथ्याशी घराभोवती सलग पट्टा द्यायचा. कोपऱ्याजवळ नवी खिडकी फोडायची नाही. इंदापुरात किल्लारी होईल असं कुणी म्हणत नाही, पण आडवी भिंत म्हणजे लांब भिंतीला दिलेला टेकू असतो, आणि हे 'हॉल'च्या हौसेत विसरतं. दुसऱ्या खेपेला पुण्याहून स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला. त्याने गर्डरच्या टोकांखाली काँक्रीटचे ठोकळे बसवायला लावले आणि पाडलेल्या भिंतीची एक बाजू, चार फूट, पुन्हा उभी करायला लावली. त्याची फी पहिल्या वेळी 'वाचवलेली' रक्कम होती. दुसऱ्यांदा झालेला एकूण खर्च पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास गेला.

पीओपीचं छत दोन उन्हाळे टिकलं. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जायची, छताने ती कोंडली. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो त्या गावात ही चैन परवडत नाही. शिवाय गळतं कुठे ते दिसेनासं झालं आणि एका वाशाला वाळवी लागलेली कळली तेव्हा वासा पोकळ होता. छत उतरवलं. फुटकी कौलं पाडकामातून आणलेल्या जुन्या कौलांनी बदलली, स्वयंपाकघरावर दोन काचेची कौलं घातली. आईला अंधाराची तक्रार होती, ती दोन कौलांत मिटली.

काही गोष्टी थोडक्यात. जुन्या दारांवरचा तैलरंग कोरडा घासू नये. रंगातल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याची सक्ती आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीच्या थरांत काय असेल सांगता येत नाही. पाण्याने ओला करून, तोंडाला मास्क बांधून, लहान मुलं लांब ठेवून काढावा. गोठ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अॅस्बेस्टॉसचे असतात. ते फोडू नयेत, अख्खे उतरवावेत. लाकडी पट्ट्यांतलं वायरिंग पाहून हळवं होऊ नये, सरळ बदलावं, अर्थिंगसकट.

आणि कागद. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव होतं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित घरात मुलींचा हक्क मुलांइतकाच. दोन आत्यांना विचारल्याशिवाय काम सुरू केलं, आणि लोण्यापेक्षा जास्त दिवस टिकलेला अबोला त्यातून आला. दुसऱ्या खेपेला आधी त्यांच्याकडे गेलो, पेढे घेऊन. ('गेलो' लिहून गेलं. असू दे.) धाकट्या आत्याने एकच मागितलं: परसाकडचं दार तसंच ठेवा. उजनी धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावातून तिच्या सासऱ्यांनी ते बैलगाडीतून आणलं होतं आणि इकडे बसवायला दिलं होतं. पहिल्या खेपेला ते फ्लश डोअरने बदलायचं ठरलं होतं. नशिबाने ते माप चुकलं.

आज नव्याने कुणी विचारलं, की एखादं असं घर हातात आहे, सुरुवात कुठून करू, तर प्रस्तुत लेखक सांगतो: एक पावसाळा त्या घरात राहा आणि छत्री घेऊन बाहेर उभे राहा. कळसला वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पण पडतो तेव्हा एकदम पडतो. ते पाणी कुठे जातं ते पाहा. या घरापुढचा रस्ता काँक्रीटच्या थरांवर थर पडून एवढा वर आला होता की ओट्याच्या तीन पायऱ्यांपैकी एकच उरली होती, आणि रस्त्याचं पाणी जोत्याकडे वळत होतं. जोत्याबाजूने खडी भरलेली चर आणि कौलांना पन्हळ, एवढ्याने निम्मा लोणा थांबला असता. हे काम प्लॅस्टरच्या आधी करायचं असतं. ते सगळ्यात शेवटी झालं.

पूर्वेच्या भिंतीवर आता दर महिन्याला पेन्सिलीने ओलीची रेघ मारली जाते, शेजारी तारीख. गेल्या ऑगस्टची रेघ जमिनीपासून चार बोटांवर आहे. मोरीकडच्या कोपऱ्यात मात्र ती अजून वीतभर वर आहे. तिथे भिंतीच्या पोटात जुना नळ राहून गेला असावा, असा गवंड्यांचा कयास आहे. दिवाळीनंतर तो कोपरा उघडायचा आहे.