संघात कोणाला घ्यावे?

पावसाळ्याचा पहिला भर ओसरला आणि पोळ्याचा सण जवळ आला, की जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शाळांच्या मैदानांवर निराळाच उत्साह दिसू लागतो. शालेय क्रीडास्पर्धांचे दिवस आलेले असतात. खानदेशातील काळी माती पावसाने चिकट झालेली असते. थोडी उघडीप मिळताच मुले मैदानावर वाळू पसरतात, फक्कीने रेषा आखतात आणि 'कबड्डी, कबड्डी' असा दम घुमू लागतो. अशाच एखाद्या दिवशी शाळेच्या फलकावर एक कागद लागतो. त्यावर बारा नावे असतात. सरावाला मात्र वीस-पंचवीस मुले येत असतात. साहजिकच त्या कागदापुढे जितके चेहरे उजळतात, जवळजवळ तितकेच उतरतात आणि निंबाच्या झाडाखाली वाद सुरू होतो. अमक्याला का घेतले? तमक्याला का वगळले?

हा वाद क्षुल्लक आहे असे कोणी समजू नये. ज्या मुलाने दोन महिने घाम गाळला, त्याच्या दृष्टीने तो न्यायाचा प्रश्न असतो. म्हणून संघाची निवड कशी करावी, आणि तिच्याविषयी वाद कसा घालावा, याचा आपण शांतपणे विचार करू.

प्रथम खेळ नीट ध्यानात घेतला पाहिजे. महाराष्ट्रात पूर्वी हुतूतू या नावाने ओळखला जाणारा हा खेळ आज जगभर कबड्डी या नावाने खेळला जातो. 1936 साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले असता अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे या देशी खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले होते. पुढे 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले आणि भारताने सुवर्णपदक पटकावले. संघात बारा खेळाडू असतात. त्यांपैकी सात मैदानात उतरतात आणि पाच राखीव असतात. त्या सातांचे काम मात्र एकसारखे नसते. कोणी चढाईत चपळ असतो, तर कोणी कोपऱ्यात दबा धरून बसतो आणि क्षणात प्रतिस्पर्ध्याचा घोटा पकडतो. कोणी मध्ये उभा राहून साखळीला बळ देतो.

येथेच निवडीचे पहिले तत्त्व हाती लागते. सात उत्तम खेळाडू एकत्र केले म्हणजे उत्तम संघ होतोच, असे नाही. समजा, एखाद्या शाळेत चढाई करणारी सहा मुले फार चांगली आहेत आणि पकड करणारी दोनच आहेत. 'गुण तर चढाईनेच मिळतात' असे म्हणून त्या सहाही जणांना मैदानात उतरविले, तर काय होईल? चढाईला एका वेळी एकच जण जाणार. उरलेल्यांना बचावच करावा लागणार, आणि तो त्यांना येत नाही. अशा वेळी पाचव्या-सहाव्या चढाईपटूला वगळून साध्याच, पण खात्रीच्या पकड करणाऱ्या मुलाला घेणे शहाणपणाचे ठरते. वगळलेला मुलगा त्याच्यापेक्षा कमी प्रतीचा असतो असे मुळीच नाही. संघाला त्या घडीला ज्याची उणीव असते, ती दुसऱ्याने भरून निघते, इतकेच.

आता दुसरा प्रश्न पाहू. खेळाडूचे कौशल्य मोजावे कसे? वादात एक बाजू म्हणते, "गेल्या वर्षी तालुक्याचा सामना त्यानेच जिंकून दिला. त्याला वगळता कसे येईल?" दुसरी बाजू उत्तर देते, "गेल्या वर्षीचे आता काय? या महिन्यातील तीन सामन्यांत तो वारंवार पकडला गेला." पहिली बाजू खेळाडूच्या लौकिकाकडे पाहते, दुसरी त्याच्या सध्याच्या खेळाकडे. त्यालाच बोलण्यात खेळाडूचा 'फॉर्म' असे म्हणतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. एक सामना वाईट गेला म्हणून जातिवंत खेळाडू वाया जात नाही. त्याला ताप येऊन गेला असेल, किंवा गुडघा दुखत असेल. परंतु जुन्या कीर्तीवर कायमची जागा राखून ठेवणे हेही योग्य नव्हे. तसे केले, तर नव्याने मेहनत करणाऱ्या मुलाला संघाचे दार कधी उघडणारच नाही. म्हणून एका सामन्यावरून निर्णय न करता चार-पाच सामन्यांचा खेळ पाहावा, आणि खेळ खालावला असल्यास त्याचे कारण शोधावे, हा मध्यम मार्ग होय.

केवळ डोळ्यांनी पाहिलेले पुष्कळदा फसवे असते. एका मुलाने सामन्यात 20 चढाया केल्या आणि 8 गुण मिळविले. दुसऱ्याने 8 चढाया केल्या आणि 6 गुण मिळविले. प्रेक्षकांना पहिलाच मोठा वाटेल. टाळ्याही त्यालाच अधिक मिळतील. परंतु वहीत सगळी नोंद ठेवली असता असे दिसले, की पहिला 7 वेळा पकडला गेला आणि दुसरा एकदाच. प्रत्येक पकडीबरोबर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो आणि आपला एक गडी मैदानाबाहेर जातो. तेव्हा पहिल्याने संघाला 8 गुण दिले आणि 7 घालविले. दुसऱ्याने 6 दिले आणि एकच घालविला. हिशेब केला की चित्र पालटते! तथापि येथेही घाई करू नये. समोर सातही गडी उभे असताना पहिल्यालाच पुढे पाठविले जात होते का, आणि दुसरा सोपी वेळ पाहून जात होता का, हेही तपासले पाहिजे. आकडे साक्ष देतात. निकाल मात्र विचारानेच द्यावा लागतो.

खानदेशातील शाळांत आणखी एक अडचण असते. शाळा तालुक्याच्या गावी, तर अनेक मुले आसपासच्या खेड्यांतून एस. टी.ने येणारी. संध्याकाळची गाडी चुकली तर घरी जायचे कसे? म्हणून सराव रंगात आला असतानाच त्यांना दप्तर उचलावे लागते. घरी शेतीची कामेही वाट पाहत असतात. कापूस वेचणीला आला, म्हणजे तर घरातील प्रत्येक हात शेतात लागतो. अशा मुलाचे सरावाचे दिवस कमी भरतात. "जो रोज येतो त्यालाच घ्यावे" हा नियम वरून पाहता समान दिसतो, पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, जे रोज एकत्र खेळतात त्यांनाच एकमेकांची खूण कळते. साखळी पकड ही सवयीनेच जमते. मग न्याय कोणता? सकाळी शाळेपूर्वी सराव ठेवता येईल, किंवा मधल्या सुटीचा थोडा वेळ देता येईल. संधी सर्वांना मिळावी आणि नंतर गुण पाहावा, हा क्रम सोडू नये. ज्याला संधीच मिळाली नाही, त्याचा गुण मोजला असे म्हणता येत नाही.

गुण असूनही संधी नाकारली गेल्याची उदाहरणे आपल्या क्रीडेच्या इतिहासात आहेत. त्यांतील एक प्रत्येक मुलाने लक्षात ठेवावे असे आहे. बाळू पालवणकर हे डाव्या हाताने फिरकी गोलंदाजी करणारे थोर क्रिकेटपटू. पुण्यात गोऱ्या लोकांच्या क्लबात ते मैदानाची निगा राखण्याची नोकरी करीत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. त्यांच्या गोलंदाजीचा बोलबाला झाला, तेव्हा पुण्याच्या हिंदू संघात त्यांना घ्यावे की नाही असा वाद उठला. कारण एकच, ते चर्मकार समाजात जन्मले होते, आणि त्या काळी अस्पृश्यतेची दुष्ट रूढी समाजाच्या हाडीमाशी खिळलेली होती. अखेर त्यांना संघात घेतले. पण मैदानात ज्यांनी त्यांच्या हातून चेंडू घेतला, तेच चहाच्या वेळी त्यांना वेगळे बसवीत आणि मातीच्या भांड्यातून चहा देत. 1911 साली भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक गडी बाद केले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही.

त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही नामांकित खेळाडू होते. 1920 साली कर्णधाराच्या निवडीत जातीचा विचार होतो हे पाहून विठ्ठल आणि शिवराम यांनी मुंबईच्या चौरंगी सामन्यांतून आपली नावे मागे घेतली. त्यांनी आपले म्हणणे लोकांपुढे स्पष्टपणे मांडले आणि त्यावर मोठी चर्चा झाली. अखेर 1923 साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले, आणि त्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियन संघाचा पराभव करून स्पर्धा जिंकली. गुणाला न्याय मिळाला. पण बाळूंच्या उमेदीची वर्षे परत आली नाहीत. निवड करणाऱ्यांचा अन्याय खेळाडूच्या आयुष्यातून किती मोठा तुकडा तोडून नेतो, हे यावरून दिसते.

दुसरे उदाहरण कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांचे. 1952 सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी मल्लांची निवड होत असताना आपल्याला न्याय मिळाला नाही असे त्यांना वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि पुन्हा चाचणी घेण्याची विनंती केली. चाचणी झाली, खाशाबा जिंकले आणि हेलसिंकीला गेले. तेथे त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक होय. खाशाबांनी 'पुन्हा लढू द्या' एवढेच मागितले. ज्याला आपल्या गुणाची खात्री आहे, त्याने कसे भांडावे याचा हा उत्तम धडा आहे.

यावरून निवडीची काही सूत्रे निघतात. निवड कोणत्या गोष्टी पाहून होणार, हे सरावाच्या आरंभीच सर्वांना सांगावे. चाचणीसामने एकापेक्षा अधिक घ्यावेत आणि प्रत्येकाची नोंद ठेवावी. निवड एकाने न करता दोघा-तिघांनी मिळून करावी. ज्याचा मुलगा किंवा भाऊ स्पर्धेत असेल, त्याने त्या नावापुरते मत देऊ नये. आणि ज्याला वगळले, त्याला बोलावून कारण सांगावे. 'तुझी चढाई चांगली आहे, पण परतताना तू पाठ दाखवितोस. एवढे सुधार' असे शब्द ऐकून मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर येतो. काहीच न सांगितल्यास तो बहुधा येत नाही.

वाद घालणाऱ्यांनाही काही पथ्ये आहेत. बोलणे खेळाविषयी असावे, खेळाडूच्या घराविषयी, जातीविषयी किंवा गावाविषयी नसावे. 'तो सरांचा लाडका आहे' हा मुद्दा नव्हे. 'त्याने चार सामन्यांत एकही पकड केली नाही' हा मुद्दा होय. ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्यासमोर बोलता येईल असेच बोलावे. आणि निवड एकदा झाली, की तो संघ सर्वांचा मानावा. राखीव खेळाडूंनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. भर सामन्यात कोणाचा पाय मुरगळतो, आणि बाकावर बसलेल्या मुलावर साऱ्या शाळेची भिस्त येते. रुसून सराव सोडलेल्या मुलाला त्या घडीचा उपयोग होत नाही.

शालेय स्पर्धांचा आणखी एक गुण सांगण्यासारखा आहे. तालुक्याचे सामने संपले की जिल्ह्याचे, मग विभागाचे आणि पुढे राज्याचे सामने येतात. जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे नाशिक विभागात मोडतात. जिल्ह्याच्या सामन्यात ही दोन गावे आपापल्या संघासाठी लढतात. पण पुढे वरच्या पातळीचा संघ निवडताना अमळनेरचा मुलगा आणि शिरपूरचा मुलगा एकाच साखळीत हातात हात गुंफून उभे राहू शकतात. तेव्हा समोरून येणाऱ्या गड्याला पकडताना आपल्या शेजारचा हात कोणत्या गावचा, कोणत्या घरचा, हा विचार मनात येत नाही. तो हात घट्ट आहे ना, एवढेच आपण पाहतो. निवड करणाऱ्यांनीही नेमके तेवढेच पाहावे.

स्वाध्याय

1. सात उत्तम चढाईपटूंचा संघ उत्तम संघ का होत नाही, ते तुमच्या शब्दांत सांगा.
2. "आकडे साक्ष देतात, निकाल मात्र विचारानेच द्यावा लागतो." पाठातील उदाहरणाच्या आधारे हे विधान स्पष्ट करा.
3. पालवणकर बंधू आणि खाशाबा जाधव यांनी अन्यायाला कोणत्या प्रकारे तोंड दिले? दोन्ही मार्गांतील साम्य व भेद लिहा.
4. खेड्यातून एस. टी.ने येणाऱ्या मुलाला सरावाची समान संधी मिळावी यासाठी तुमच्या शाळेत काय करता येईल? वर्गात चर्चा करा.
5. पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : बोलबाला होणे, दाद मागणे, हाडीमाशी खिळणे, भिस्त असणे.