वकिलाकडील दप्तर आणि आपली वही

व्यापारी आपल्या दुकानातील पै-पैचा हिशेब रोज रात्री जुळवितो आणि मगच फळी लावतो. परंतु त्याच दुकानाची लाखाची उधारी एकदा वकिलाच्या हवाली केली म्हणजे तिचे पुढे काय झाले हे पुष्कळदा त्याला दोन-दोन वर्षे ठाऊक नसते. सभासदांच्या बैठकीत कोर्टकचेरीचा विषय निघाला की जी गाऱ्हाणी ऐकू येतात ती बहुधा ठरलेलीच असतात. तारीख कळविली नाही, वकीलसाहेब भेटत नाहीत व कारकून नीट सांगत नाही, पैसे दिले पण पावती मिळाली नाही, कागद परत मागितले तर आधी बाकी फी टाका म्हणतात. ही गाऱ्हाणी पुष्कळ अंशी खरी असतात. परंतु वकिलांच्या बाजूनेही सांगण्यासारखे असते, आणि ते आपण क्वचितच ऐकून घेतो. व्यापारी अशील मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात बिलांचा गठ्ठा आणून टाकतो. प्रतिपक्षाकडून मध्यंतरी रोख आलेली रक्कम सांगत नाही आणि ती उलटतपासणीत बाहेर पडते. एका वकिलाचा सल्ला घेऊन तो दुसऱ्याकडून तपासून घेतो व फी मात्र दोघांचीही अडवून धरतो. दोन्हीकडचे हे दोष मान्य करून, अशिलाने आपल्या हातातील गोष्टी कशा सांभाळाव्यात एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

या सर्वांत मुदतीचा प्रश्न सर्वांत निकडीचा. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल पोचविल्याच्या तारखेपासून, आणि ठरलेली असेल तर ती मुदत संपल्यापासून ही तीन वर्षे मोजतात. समजा, १२ जून २०२२ रोजी मुदत न ठरविता माल दिला. तर १२ जून २०२५ नंतर त्या बिलाचा दावा सामान्यतः मुदतबाह्य होतो. मात्र त्यापूर्वी, म्हणजे ५ जानेवारी २०२५ रोजी, गिऱ्हाइकाने बाकी मान्य असल्याचे लिहून सही करून दिली असेल तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. काही रक्कम भरणा करून तसे स्वहस्ते लिहून वा सही करून दिले तरीही तोच परिणाम होतो. येथे ‘त्यापूर्वी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मुदत उलटल्यावर घेतलेली नुसती बाकी-कबुली या कलमाखाली उपयोगी पडत नाही. तेव्हा १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे कर्ज फेडण्याचे स्पष्ट लेखी वचनच हवे, आणि ते कोण देतो! आपल्याकडे पाडव्याला वही बदलताना जुनी बाकी नव्या वहीत ओढून घेण्याची रीत आहे. ती आपल्या हिशेबापुरती ठीक आहे, पण समोरच्याची सही नसेल तर तिने मुदत एका दिवसानेही वाढत नाही.

वहीबद्दलच आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या वहीतील नोंद पुराव्यात घेता येते, परंतु केवळ त्या नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. म्हणून बिलाची सहीची प्रत, मालाची पोच, गाडीभाड्याची पावती, बँकेतील जमा हे कागद वहीइतकेच जपावेत. मोबाइलवर आलेला ‘पुढल्या महिन्यात पाठवितो’ असा निरोपही दाखविता येतो. मात्र त्यासाठी कायद्याने ठरविलेले प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ उपकरण फेकून दिले असल्यास अडचण येते.

आता सर्वांत जिव्हारी लागणारा अनुभव. वकील म्हणतात, ‘दावा घातला आहे’. अशील निश्चिंत राहतो. वर्षा-दोन वर्षांनी चौकशी केल्यावर कळते की कागद दप्तरातच पडून आहेत, किंवा दावा घातला होता पण नेमणुकीच्या तारखांना कोणी हजर न राहिल्याने तो काढून टाकला गेला. असे सर्वत्र घडते असे आम्ही म्हणत नाही. पण घडते तेव्हा मुदत गेलेली असते व रक्कम बुडालेली असते. हे टाळण्याचा उपाय आज अगदी सोपा आहे. प्रत्येक प्रकरणास न्यायालयाकडून सोळा अक्षरांकांचा एक क्रमांक मिळतो व त्याला ‘सीएनआर’ म्हणतात. तो क्रमांक हाती असला की ई-कोर्ट्स या सरकारी सेवेवर पुढील तारीख, मागील तारखेस काय झाले आणि बहुधा हुकुमाची प्रतही पाहता येते. तेव्हा ‘दावा घातला’ या उत्तरावर न थांबता ‘क्रमांक द्या’ असे विचारावे. यात वकिलाचा अविश्वास दिसतो असे कित्येकांस वाटते. आमच्या मते ही भीड निरर्थक आहे. बँकेकडून खात्याचा उतारा मागताना आपण बँकेवर संशय घेत नसतो.

ही दक्षता केवळ सोयीची आहे असे नव्हे. न्यायालये व्यापाऱ्याकडून तिची अपेक्षाच करतात. १९८१ साली रफीक विरुद्ध मुन्शीलाल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वकील नेमून, फी देऊन जो पक्षकार विश्वासाने घरी बसला त्याचे नुकसान वकिलाच्या गैरहजेरीमुळे होऊ देऊ नये. हा निकाल पुष्कळांस तोंडपाठ असतो. परंतु १९९३ साली सलील दत्त यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हा नियम सरसकट लावण्यास नकार दिला. तेथे प्रतिवादी कलकत्त्यातील एक खाजगी कंपनी होती. कंपनीचे चालक काही अडाणी खेडूत नव्हेत, त्यांनी आपल्या प्रकरणाकडे स्वतः लक्ष द्यावयास हवे होते, असा त्या निकालाचा आशय आहे. पेढी चालविणाऱ्या, जीएसटीची विवरणे भरणाऱ्या आपल्या सभासदास न्यायालय या दोहोंपैकी कोणत्या वर्गात बसवील हे सांगावयास नको.

नुकसान झालेच तर दाद कोठे मागावी? ग्राहक न्यायालयाचा मार्ग १४ मे २०२४ रोजी बंद झाला. एका न वटलेल्या चेकच्या फिर्यादीतून अशील व वकील यांच्यात उद्भवलेला वाद जिल्हा मंचापासून चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्यात न्यायालयाने ठरविले की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही. मात्र दिवाणी न्यायालयात निष्काळजीपणाबद्दल दावा करता येतो. केवळ वकील आहे म्हणून कोणी अशा दाव्यातून सुटत नाही, असे १९२६ च्या कायद्यातच म्हटले आहे. गैरवर्तनाबद्दल १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. तिच्या निर्णयावर भारतीय बार कौन्सिलकडे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे अपील आहे. पण तेथे शिक्षा होते ती वकिलास. आपली बुडालेली उधारी त्यातून वसूल होत नाही. आणि या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न येतो तो कागदाचा: काय ठरले होते, किती दिले, केव्हा कळविले?

म्हणून फीचे बोलणे आरंभीच स्पष्ट करावे व चार ओळींत लिहून घ्यावे. त्यात वकिलाची फी किती, कोर्ट-फी किती, टायपिंग व नकलांचा खर्च कोणाचा आणि अपिलाची फी यात धरली आहे की नाही, हे सर्व यावे. ‘वसूल होईल त्यातले दहा टक्के घ्या’ अशी बोली व्यापाऱ्यास आवडते, कारण ती दलालीसारखी वाटते. पण निकालावर अवलंबून असलेली फी ठरविण्यास बार कौन्सिलच्या नियमांची बंदी आहे. अशी बोली घालणारा अशील आपल्या वकिलास नियमभंग करावयास सांगत असतो. अशिलाकडून आलेल्या पैशाचा हिशेब ठेवणे हे वकिलाचे कर्तव्य त्याच नियमांत सांगितले आहे. तो हिशेब मागण्यास संकोच नको, आणि पैसे शक्यतो बँकेमार्फत द्यावेत.

कागद अडवून ठेवण्याविषयी कायदा २००० सालीच स्पष्ट झाला आहे. मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेने आपल्या वकिलाचे काम थांबविले, तेव्हा फी बाकी असल्याचे सांगून त्यांनी प्रकरणांची दप्तरे परत दिली नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले व निर्णय झाला की फीसाठी अशिलाचे कागद अडविण्याचा वकिलास हक्क नाही. फीसाठी त्याने स्वतंत्र दाद मागावी. अर्थात या निकालाच्या आड लपून कोणी फी बुडवू लागला तर ते आम्हांस मान्य नाही. केलेल्या कामाची फी देऊन, पोच घेऊन दप्तर हलवावे. मुळात अस्सल कागद देतानाच त्यांची यादी करून वकिलांच्या कार्यालयाची सही घेतली तर ही वेळच येत नाही.

सीमाभागातील सभासदांस आणखी दोन अडचणी आहेत. पहिली भाषेची. आपल्या वह्या मराठीत आणि बेळगावच्या न्यायालयाचे काम कन्नड व इंग्रजीत. त्यामुळे दावा-अर्ज व प्रतिज्ञापत्र यांवर न वाचता सही करण्याची सवय पडली आहे. सहीपूर्वी मजकूर मराठीत समजावून घ्यावा. विशेषतः रकमा, तारखा व ‘इतके पैसे पोचले’ हे वाक्य नीट पाहावे. वकीलपत्रात तडजोड करण्याचा अधिकार छापलेला असतो, तोही वाचावा. आपणांस विचारल्यावाचून तडजोड नको असेल तर तसे लेखी कळवावे. दुसरी अडचण ठिकाणाची. गिऱ्हाईक चंदगडचे वा सावंतवाडीचे, आणि आपण बेळगावचे. बिलावर ‘बेळगाव न्यायकक्षेस अधीन’ असे छापल्याने बेळगावास नसलेला अधिकार उत्पन्न होत नाही. व्यवहाराचा काही भाग येथे घडला असेल तरच त्या ओळीस बळ येते. चेकच्या बाबतीत मात्र २०१५ च्या दुरुस्तीने सोय झाली आहे. आपण ज्या शाखेतील खात्यात चेक भरला त्या शाखेच्या ठिकाणी फिर्याद चालते. तेथील वेळापत्रक मात्र कडक आहे. चेक परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते; ती मिळाल्यापासून देणेकऱ्यास पंधरा दिवस मिळतात आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद करावी लागते. चेक परत आला त्याच दिवशी वकिलाकडे जावे.

तीन लाख वा त्यावरील व्यापारी वादात, तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागावयाचा नसेल तर, दाव्यापूर्वी मध्यस्थीसाठी अर्ज करणे सक्तीचे आहे. २०२२ च्या निकालाने ही सक्ती पक्की केली. मध्यस्थी न करता घातलेला दावा फेटाळला जातो. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वजा होतो. आपले वकील याविषयी काही बोलले नाहीत तर आपण विचारावे.

निकाल लागल्यावर पुष्कळ जण दप्तर विसरून जातात, आणि तेथेही मुदत चालूच असते. जिल्हा न्यायालयात अपिलास तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद. बेळगावची अपिले धारवाडच्या पीठापुढे जातात, आणि तेथे बहुधा दुसरे वकील नेमावे लागतात. कागद कोणी पाठवावयाचे हे दोघा वकिलांत न ठरल्याने दिवस फुकट जातात. निकालाची नक्कल मिळविण्यास लागलेला काळ मुदतीत धरीत नाहीत. सबब नकलेचा अर्ज कोणत्या दिवशी दिला व नक्कल कोणत्या दिवशी तयार झाली, या दोन तारखा आपल्या वहीत टिपून ठेवाव्यात. हुकूमनामा आपल्या बाजूने झाला असेल तर वसुलीच्या दरखास्तीस बारा वर्षे मिळतात, आणि दरखास्तीच्या कामाची फी पहिल्या बोलण्यात धरलेली नसल्यास ती तेव्हा नव्याने ठरवावी लागते.